एवढे मार्क पडूनही इलेक्ट्रिशियनच व्हायचंय

प्रश्न : ताई, मी १७ वर्षांचा आहे. गणितात ९१ मार्क पडलेत. मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय, म्हणजे नुसतं बटणं-होल्डर बसवणारा नाही, पॅनल, मोटार, कंट्रोल सगळं शिकून चांगला तयार झालेला. पप्पा म्हणतात एवढे मार्क पाडून वायरी ओढणार का, लोक काय म्हणतील. मी समजवायला जातो आणि माझं तोंडच बंद पडतं, कारण का आवडतं ते मलाच धड सांगता येत नाही. बाकीची मुलं घरी काय सांगतात?

उत्तर : तुझं पत्र येऊन महिना झाला, मुद्दामच थांबले होते. मी बरीच वर्षं वेल्डिंग केलं आणि आता शिकवते, त्यामुळे हातानं काम करणारी विशी-पंचविशीतली पोरं-पोरी रोज भेटतात. म्हटलं तुझा प्रश्न त्यांनाच विचारावा. सात जणांना विचारला, बाबा रे खरं सांग, हे काम का निवडलंस?

पहिलं उत्तर सातही जणांचं जवळजवळ सारखंच आलं. लवकर कमाई सुरू होते, शिकता शिकता हातात पैसे येतात, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज नाही, काम कुठेही मिळतं. खरंच आहे ते, खोटं काहीच नाही. पण मग मी दुसरा प्रश्न टाकला, की उद्या एवढाच पगार खुर्चीत बसून मिळाला तर जाशील का? इथे सगळे थांबले. आणि थांबून जे बोलले ना, ते तू पप्पांना सांगायला पाहिजेस.

एक मुलगा २२ वर्षांचा, इलेक्ट्रिशियन. तो म्हणाला ताई मी एक दिवस सांगतो तुम्हाला. शिकाऊ असताना उस्तादांबरोबर एका घरी गेलो, तक्रार अशी की एका खोलीतले दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीतले नेहमीपेक्षा झगझगीत, शिवाय टीव्ही सकाळीच जळालेला. घरातले म्हणत होते बल्ब खराब निघाले, बदलून द्या. उस्तादांनी बल्बकडे बघितलंसुद्धा नाही, आधी मेन बंद केला आणि मला विचारलं, सांग काय झालं असेल. घराला थ्री फेज सप्लाय होता, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या चालू वायरी. मी पाच मिनिटं नुसता उभा, आणि मग एकदम डोक्यात आलं, न्यूट्रल, तिन्ही फेजची सामाईक परतीची वायर! न्यूट्रल सुटला की तीन फेजना मधला आधारच राहत नाही, मग ज्या फेजवर लोड जास्त तिथला व्होल्टेज खाली बसतो आणि जिथे लोड कमी तिथला वर चढतो, २३० च्या जागी पार ४०० च्या जवळपास जाऊ शकतो. कव्हर काढलं तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला, टर्मिनल काळं पडलेलं, वायरचं इन्सुलेशन बोटभर वितळलेलं. तो म्हणाला, शाळेत रूट थ्री म्हणजे १.७३२ असं पाठ केलं होतं, कशासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं. २३० गुणिले १.७३२ केलं की दोन फेजमधला व्होल्टेज ३९८ येतो, तो जळालेला टीव्ही बघून मला ते कळलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

बघ, गणितात ९१ पडलेल्या मुलानं हे का नाही करायचं? मला तर वाटतं त्यानंच करावं. तुझं गणित वाया जाणारच नाही, ते रोज वायरीतून वाहणार आहे.

दुसरी एक मुलगी, २४ वर्षांची, सीएनसी लेथवर आहे, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणारी, धातू फिरवत कापणारी मशीन. शाळेत तिला सगळे धांदरट म्हणायचे, धीर नाही म्हणायचे. आता ती ०.०१ मिलिमीटरवर काम करते, म्हणजे केसाच्या जाडीचे साधारण सात-आठ भाग करा त्यातला एक. तिनं सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. सुरुवातीला ती मशीनवरून जॉब, म्हणजे कापून तयार केलेला तुकडा, काढला की लगेच मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, लावायची, माप अगदी बरोबर, खूश. अर्ध्या तासानं इन्स्पेक्शनला तोच जॉब मापाला कमी! तीन जॉब रिजेक्ट झाले, तिला कळेना चूक कुठे होतेय, रडायची वेळ आली. मग एका जुन्या ऑपरेटर काकांनी जॉब तिच्या हातात दिला आणि म्हणाले नुसता धरून बघ. गरम होता. पोलाद तापलं की फुगतं, १०० मिलिमीटरचा जॉब १० डिग्रीनं जास्त गरम असेल तर ०.०१ च्या वरच फरक पडतो, गार झाला की तेवढा आत जातो. ती म्हणाली, हातात नुसता कोमट लागत होता हो, आणि त्या कोमटपणानं तीन जॉब घालवले. माझ्यात धीर नव्हता असं नाही ताई, कशासाठी धरायचा ते माहीत नव्हतं.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर तुला अर्धंच कळेल. माझ्याकडे शिकायला आलेल्यांतले जे मधेच सोडून गेले ते बहुतेक एकाच कारणानं आले होते, पुस्तक नको म्हणून. अभ्यास टाळायला या लाइनीत येऊ नये, कारण इथे अभ्यास संपत नाही. साधा वेल्डिंगचा रॉड घे, त्यावर ई ७०१८ लिहिलेलं असतं. त्यातले ७० म्हणजे वेल्डची ताकद, दर चौरस इंचाला ७०,००० पाउंडांचा ताण सोसणारी, १ म्हणजे सगळ्या पोझिशनला चालतो, आडवा उभा डोक्यावर, आणि शेवटचा ८ सांगतो की कोटिंग लो हायड्रोजन आहे. हा रॉड दमट हवेत उघडा ठेवायचा नसतो, ओव्हनमध्ये गरम ठेवायचा. मी नवीन असताना उघड्या पाकिटातले रात्रभर बाहेर राहिलेले रॉड वापरले, कुणी बघत नव्हतं आणि मला घाई होती. वेल्ड इतका सुंदर आला की मी दोनदा हात फिरवला त्याच्यावरून. दोन दिवसांनी वेल्डच्या कडेला केसासारखी चीर. कोटिंगनं ओल धरली होती, त्या ओलीतला हायड्रोजन गरम लोखंडात शिरला आणि गार झाल्यावर त्यानं आतून फोडलं. जाड आणि कडक पोलादाला हे लगेच दिसत नाही, म्हणून तर महत्त्वाच्या कामात ४८ तास थांबून तपासणी करतात. मी ती चीर आजही विसरले नाही, जोडाखाली कुणीतरी उभं राहणार होतं.

तर पप्पांना काय सांगशील? लोक काय म्हणतील यावर वाद घालू नकोस, तो संपत नाही. पप्पांच्या मनात खरी भीती बहुतेक वेगळी असते, की पोराला शॉक लागला तर, पन्नाशीत शरीर साथ देईल का, आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राहील का. त्याला उत्तर दे. शिकाऊ किती वर्षं राहणार, परवाना कधी काढणार, पुढे सुपरवायझर किंवा स्वतःची कामं कधी घेणार, वाटलं तर नंतर डिप्लोमा-डिग्री कशी करणार, हे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. जर्मनीत मुलं आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कंपनीत शिकतात, कंपनीच पैसे देते, पुढे मास्टरची परीक्षा देऊन स्वतः शिकाऊ तयार करतात, तिथे याला कमीपणा मानत नाहीत. आणि वर्ल्डस्किल्स नावाची स्पर्धा आहे हेही सांग, १९५० मध्ये स्पेन आणि पोर्तुगालच्या मुलांनी सुरुवात केली, आता दर दोन वर्षांनी जगभरातली पोरं वेल्डिंग, वायरिंग, प्लंबिंग, सुतारकाम यात उतरतात, बहुतेक प्रकारांना वयाची अट २२. म्हणजे तुझ्याकडे अजून पाच वर्षं आहेत.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, वेल्डिंग शिकायचं म्हणते. ताकदीचं काम, शिवाय डोळ्यांची काळजी वाटते. तुम्ही स्वतः बाई आहात म्हणून विचारते.

उत्तर : ताकदीचं म्हणाल तर जड प्लेटा उचलायला क्रेन आणि चार माणसं असतात, पुरुषसुद्धा एकटा उचलत नाही आणि उचलूही नये. हात स्थिर लागतो. टिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे टंगस्टनच्या टोकाशी ठिणगी पाडून जोडायच्या प्रकारात, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फिलर, म्हणजे जोडात भरायची तार, टंगस्टनचं टोक जॉबपासून दोन-तीन मिलिमीटरवर धरायचं आणि टेकू द्यायचं नाही, टेकलं की टोक खराब, परत घासून आणा. माझ्या बॅचमध्ये हे सगळ्यात आधी जमलेली एक मुलगीच होती. तिला का आलीस विचारलं तर म्हणाली, काळ्या काचेतून वितळलेलं लोखंड पाण्यासारखं हलताना दिसतं, ते पहिल्यांदा बघितलं तेव्हाच ठरवलं.

डोळ्यांची काळजी मात्र तुमची शंभर टक्के बरोबर आहे. आर्ककडे, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत ठिणगीकडे, उघड्या डोळ्यांनी बघितलं तर तेव्हा काही होत नाही, काही तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखं खुपायला लागतं. शेजारी कुणी वेल्डिंग करत असेल तरी लागतं. म्हणून पूर्ण हेल्मेट, योग्य शेडची, म्हणजे पुरेशी काळी, काच, आणि टॅक, म्हणजे छोटा टाका, मारतानासुद्धा काच खाली, एकच टाका आहे म्हणून डोळे मिटून मारायचा नाही. गॅल्वनाइज्ड, म्हणजे झिंकचा थर चढवलेल्या, लोखंडावर वेल्डिंग केलं की झिंकचा धूर होतो, तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडी-ताप भरतो, त्यामुळे आधी तो थर घासून काढायचा आणि हवा खेळती पाहिजे. मुलीला ज्या ठिकाणी पाठवणार तिथे एकदा स्वतः जाऊन या. शिकवणारा स्वतः हेल्मेट-ग्लोव्हज घालतो का, धूर ओढणारा पंखा चालू आहे का एवढंच बघा. नसेल तर दुसरी जागा शोधा, पण मुलीला नाही म्हणू नका.

प्रश्न : मशीन आणि एआय हे सगळं खाऊन टाकणार म्हणतात. मग शिकून उपयोग काय?

उत्तर : काही काम जातं, खोटा धीर देणार नाही. नंबरवर चालणारी मिलिंग, म्हणजे धातू कापणारी, मशीन १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात दाखवली गेली, १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबो लागला, आणि एकसारखे हजारो टाके मारायचं काम माणसाच्या हातून हळूहळू गेलंच. पण वर सांगितलेली सीएनसीवाली मुलगी त्याच मशीनमुळे कामाला आहे. टूल झिजलं की ऑफसेट, म्हणजे झिजेएवढी मापात दुरुस्ती, द्यायचा, पहिला जॉब सेट करायचा, आवाज बदलला की थांबवायचं हे तिलाच करावं लागतं. आणि ढिला न्यूट्रल, भिंतीत गळणारा पाइप, वीस वर्षांची जुनी वायरिंग जिचा नकाशाच कुणाकडे नाही, ही कामं प्रत्येक ठिकाणी वेगळी असतात. जे रोज एकसारखं आहे तेवढंच शिकून थांबलात तर धोका आहे. दुरुस्ती शिका, फॉल्ट शोधायला शिका.

प्रश्न : पुढच्या महिन्यात इलेक्ट्रिशियनकडे शिकाऊ म्हणून लागतोय. पहिलं हत्यार कोणतं घेऊ?

उत्तर : चांगला मल्टीमीटर, ज्यावर कॅट थ्री, म्हणजे मीटरचा सुरक्षेचा वर्ग, आणि व्होल्टेज छापलेलं आहे असा, स्वस्तातला नको. स्क्रूड्रायव्हरसारख्या टेस्टरचा दिवा पेटला नाही म्हणून वायर मेली असं कधीच समजू नकोस, तो दिवा स्वतःच गेलेला असू शकतो. मीटर आधी चालू लाइनवर लावून बघ, दाखवतोय ना? मग ज्या लाइनवर काम करायचंय ती बंद करून तपास, परत कुणी चालू करणार नाही असं कुलूप घाल. आणि मग पुन्हा एकदा त्याच चालू लाइनवर मीटर लाव, मधल्या वेळात तो बिघडला नाही ना ते बघायला. तिन्ही वेळा, दरवेळी, उस्ताद घाई करत असले तरी.