उंच की शूटर हे नंतर बघा, आधी 'आला नाही तर काय' ते लिहून घ्या

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं वर आलं. आपल्या सोलापुरातली हौशी बास्केटबॉल स्पर्धा, सहा संघ, कॅप्टन धरून प्रत्येकी आठ जण, स्नेक ड्राफ्ट (कॅप्टन आळीपाळीनं एकेक खेळाडू निवडतात आणि दर फेरीला क्रम उलटा होतो), चिठ्ठीत तुमचा चौथा नंबर, आणि डिसेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी एकाच सिमेंटच्या कोर्टावर पूर्ण साखळी. तुम्ही विचारताय, "पहिला उंच घेऊ की शूटर?" मीही अगदी याच प्रश्नात अडकलो होतो आणि तिथंच फसलो. गार्ड म्हणजे चेंडू पुढं नेणारा, सेंटर म्हणजे रिंगखालचा उंच माणूस, शूटर म्हणजे लांबून बास्केट करणारा, हे तुम्हाला माहीत असणार, त्यात जास्त वेळ घालवत नाही.

सगळ्यात महागात काय पडलं, ते आधी सांगतो. निवडलेला खेळाडू आलाच नाही तर त्याच्या जागी कोण, हा नियम ड्राफ्टच्या आधी संयोजन समितीकडून लिहून घेतला नव्हता. तो माझा गाढवपणा. वरच्या फेऱ्यांत घेतलेले दोघं पुण्यात नोकरीला. शनिवारी सकाळी आठाचे सहा झाले. आता हिशेब बघा. आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर म्हणजे ३२ मिनिटं, कोर्टावर पाच जण, म्हणजे एकूण १६० मिनिटं वाटायची. आठ जणांत प्रत्येकी २०, सहा जणांत जवळजवळ २७. शनिवारी तीन सामने असतील तर माणशी ६० ऐवजी ८० मिनिटं पळायचं, तेही सिमेंटवर. दुपारपर्यंत पाय जड होतात, पाय जड झाले की बचावात हात पुढं जातो, आणि हात पुढं गेला की फाऊल. एकाचा घोटा मुरगळला, एक पाच फाऊलवर बाहेर, की कोर्टावर चारच उरतात. नियमानं सामना सुरू करायला पाच लागतात. पुढं कमी झाले तरी दोघं असेपर्यंत खेळ चालतो. पण चार जणांनी पाचांसमोर जे काय चालतं त्याला खेळ म्हणू नये.

समितीच्या टेबलावर गेलं की उत्तर ठरलेलं: "नियमात तसं लिहिलेलं नाही." बरं, बदली घेऊ नये असंही लिहिलेलं नाही की ओ! "अध्यक्षांना विचारा." अध्यक्ष जेवायला गेलेले. "अर्ज द्या." अर्ज दिला तर त्यावर शिक्का कुठला मारायचा यावर चर्चा. हौशी स्पर्धा, ट्रॉफी हातभर, आणि टेबलाचा थाट मात्र एखाद्या कचेरीचा. नाव घेत नाही, त्यातल्या दोघांबरोबर अजून चहा होतो.

म्हणून ड्राफ्टच्या किमान तीन दिवस आधी समितीच्या ग्रुपवर हा मजकूर टाका आणि सगळ्या सहा कॅप्टनांकडून 'मान्य' लिहून घ्या: "सामन्याच्या ३० मिनिटं आधी कळवल्यास, गैरहजर खेळाडूच्या जागी त्या वेळी सामना नसलेल्या संघातला, त्याच किंवा त्यानंतरच्या फेरीत निवडलेला एक खेळाडू, त्याच्या कॅप्टनच्या संमतीनं घेता येईल." 'त्याच किंवा त्यानंतरच्या फेरीत' हे शब्द सोडू नका. नाहीतर सातव्या फेरीतला पोरगा आजारी पडतो आणि त्याच्या जागी दुसऱ्या संघाचा पहिला पिक उतरतो, मग भांडणं. तुमच्याकडं यादीत ४२ नावं आणि जागाही ४२, म्हणजे राखीव कोणी उरतच नाही, म्हणून उसना खेळाडू हाच मार्ग. समिती पाच-सहा राखीव नावं वेगळी ठेवायला तयार झाली तर उत्तमच.

त्याच मेसेजमध्ये अजून एक विचारा: उशीर किती चालेल? आंतरराष्ट्रीय नियमात ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू उभे राहिले नाहीत तर सामना २०-० असा जातो. पण तुमच्याकडं साखळीचे १५ आणि अंतिम १ असे १६ सामने. प्रत्येकी ५० मिनिटं धरली तरी एकूण १३ तास २० मिनिटं होतात. त्यात १५ मिनिटांची सूट कुणाला परवडणार? बहुतेक समित्या पाच मिनिटांवर येतात आणि ते सामन्याच्या सकाळी जाहीर करतात. आधी वदवून घ्या.

आता फोन. यादीतल्या निदान पंचवीस जणांना स्वतः फोन करा. "येणार ना?" असं विचारू नका. "हो की, येतो की" याशिवाय दुसरं उत्तर मिळणार नाही, सोलापुरात तर नाहीच. विचारायचं असं: शुक्रवारी रात्री कुठं मुक्काम? शनिवारी सकाळी सातला कोर्टावर कशानं येणार? रविवारी परत कधी निघणार? पुण्याच्या माणसानं "शुक्रवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो" म्हटलं तर तो संध्याकाळी सहाच्या आधी स्टेशनवर पोचू शकतो का, हा खरा प्रश्न. हिंजवडीतून निघणाऱ्याची गाडी चुकली की तो रात्री उशिराच्या बसनं अडीचशे किलोमीटर येणार आणि सातच्या सामन्याला झोपेत पळणार. "रविवारी दुपारच्या गाडीनं जातो" म्हणणारा अंतिम सामन्याला नाही, हे तिथंच लिहून टाका. डिसेंबरअखेर म्हणजे हुरड्याचेही दिवस. रविवारी सगळं घर शेतावर निघालं की तुमचा सेंटर भाजलेली कणसं चोळत बसलेला असतो. लग्नाचं आमंत्रण आहे का, तेही विचारा. वाईट वाटून घेणारा वाईट वाटून घेईल.

मग प्रत्येक नावापुढं साखळीच्या पाचपैकी किती सामन्यांना तो नक्की असेल ते लिहा आणि त्याच्या खेळाला तुम्ही अंदाजानं दिलेले गुण त्याच प्रमाणात कमी करा. पाच गुणांचा खेळाडू पाचपैकी दोनच सामने खेळणार असेल तर त्याची किंमत दोन. तीन गुणांचा पाचही सामन्यांना असेल तर तीन. नावनोंदणीच्या फॉर्मवर प्रत्येकानं स्वतःला दिलेले गुण मात्र धरू नका. कॉलेजात दहा वर्षांपूर्वी खेळलेला माणूस स्वतःला चार देतो, आणि दर रविवारी खेळणारी शांत मुलगी दोन.

चाचणी सामना ठेवलाय असं तुम्ही लिहिलंय. तिथं वॉर्मअपमधले थ्रो बघू नका, तिथं सगळेच टाकतात. तीन गोष्टी बघा. अंगावर माणूस असताना डाव्या हातानं ड्रिबल करत अर्धं कोर्ट पार होतं का. दुसऱ्याचा थ्रो सुटल्यावर हा बास्केटकडं बघत उभा राहतो की आधी समोरच्या संघातल्या आपल्या वाट्याच्या माणसाला पाठीवर घेतो, म्हणजे पाठीनं अडवून चेंडूपासून लांब ठेवतो. आणि दम लागलेला असताना दहापैकी किती फ्री थ्रो जातात. दमल्यावर पाचच्या खाली असेल तर अटीतटीच्या शेवटच्या मिनिटात त्याच्या हाती चेंडू देऊ नका.

चौथ्या नंबरचं गणित मात्र मस्त आहे, फार कमी जण ते मांडून बघतात. सहा संघांच्या स्नेकमध्ये तुमच्या निवडी येतात ४, ९, १६, २१, २८, ३३ आणि ४० वर. चार ते नऊच्या मध्ये चार नावं जातात, पण ती निवडणारे फक्त दोन कॅप्टन असतात, पाचवा आणि सहावा, दोनदा-दोनदा. म्हणजे तुम्हाला सगळ्यांचं मन ओळखायचं नाही, या दोघांना काय हवंय एवढंच कळलं की झालं. पाचवा स्वतः गार्ड असेल तर तो उंच माणसाच्या मागं जाणार, तुमचा दुसरा गार्ड नऊपर्यंत टिकतो. नऊ ते सोळाच्या मध्ये मात्र पहिले तिघं दोनदा-दोनदा येऊन सहा नावं उचलतात. म्हणून जी जात दुर्मिळ आहे तिच्यातला पहिला माणूस चारलाच उरकायचा, सोळापर्यंत थांबायचं नाही.

दुर्मिळ काय? उंची नाही. अंगावर प्रेस आला, म्हणजे समोरचे मागच्या अर्ध्यापासूनच चिकटून अडवायला लागले, तरी आठ सेकंदांत चेंडू पुढच्या अर्ध्यात नेणारे लोक. ४२ हौशी नावांत असे पाच-सहा निघाले तर भाग्य. सहा फूट दोनचा माणूस रिंगखाली उभा आहे, पण त्याच्यापर्यंत चेंडूच जात नाही, हे चित्र हौशी स्पर्धेत दर तासाला दिसतं. त्यात तुमच्याकडं २४ सेकंदांत थ्रो टाकायला लावणारं घड्याळ नसेल (बहुधा नसेलच, समितीला विचारा), तर पुढं असलेला संघ शेवटी चेंडू फिरवत वेळ काढू शकतो. तसं असेल तर ड्रिबल सांभाळणाऱ्याची किंमत अजून वाढते. चारला तोच घ्या, हजेरी पाचपैकी पाच असेल तर डोळे झाकून. नऊला रिबाऊंड (रिंगवरून उसळलेला चेंडू) घेणारा, उंचीनं नव्हे तर वर सांगितलेल्या पाठीवर घेण्याच्या सवयीनं निवडलेला. सोळाला दुसरा चेंडू सांभाळणारा, कारण पहिला फाऊलमध्ये अडकणार. शूटर एकविसाला. खालच्या तीन निवडी पाय चालणाऱ्या आणि जवळ राहणाऱ्या लोकांच्या. स्कूटरवर दहा मिनिटांत पोचणारा, खेळ फारसा न जमणारा पण न चुकता हजर राहणारा माणूस ४० व्या नंबरला सोन्यासारखा. तुम्ही स्वतः गार्ड असाल तर सोळा आणि एकवीस उलटे करा. मी काही प्रशिक्षक नाही, कुणाला हे पटणार नाही, चालेल.

बचाव २-३ झोनच खेळा, म्हणजे दोघं पुढं, तिघं मागं, आणि प्रत्येकानं आपला भाग राखायचा. दोन सरावांत मॅन टू मॅन (प्रत्येकानं एकेक माणूस धरणं) बसत नाही. झोनला बोलणारी माणसं लागतात, वरच्या दोघांपैकी एक तरी सतत ओरडणारा हवा. शहराच्या पूर्व भागातली पोरं तेलुगूत ओरडतात, कुणी कन्नडमध्ये. ओरडू देत, फक्त 'डावीकडं', 'मागं स्क्रीन' (मागं वाट अडवायला समोरचा माणूस उभा आहे) आणि 'माझा' या तीन गोष्टींचे शब्द पाचही जणांना एकच ठरवून द्या.

जोड्यांचा प्रश्न निघणारच. भाऊ-भाऊ, नवरा-बायको, एकाच गाडीवर येणारे मित्र, सगळे "एकाच संघात टाका" म्हणतात. टाका, पण दोघांपैकी चांगल्याची फेरी जी असेल ती आणि लगेच पुढची फेरी अशा दोन निवडी त्यात जातील, हे आधी ठरवा. 'दुसरा फुकट' असं झालं की ड्राफ्ट संपला. कॅप्टननाही हाच न्याय हवा. तगडा कॅप्टन संघाला फुकटात मिळतो आणि त्याचा सूड बाकीचे वर्षभर घेतात. त्याची पहिल्या फेरीची निवड काढून घ्या. हे समितीला पटवणं अवघड आहे, पण मांडून ठेवा.

बाकी किरकोळ. चेंडू रबराचा ७ नंबरचा घ्या, चामड्याचा चेंडू सिमेंटवर दोन दिवसांत खरवडतो. कोर्टावरची धूळ सामन्याआधी झाडून ओल्या पोत्यानं पुसायला एक माणूस नेमा, बहुतेक घोटे तिथंच जातात. मैदानावरच्या नळावर विसंबू नका, सोलापुरात पाण्याचा वार कधी असतो ते तुम्हालाच ठाऊक. माणशी सामन्याला एक लिटर धरा. तीन सामन्यांना आठ जणांचे २४ लिटर होतात, म्हणजे वीस लिटरचा एक जार पुरत नाही, दोन लागतात. जर्सी ऑनलाइन मागवू नका. गणवेश शिवणाऱ्या गावात राहतो आपण, आठ बिनबाह्यांचे बनियन नंबर छापून कुठंही होतील. कडक भाकरी आणि शेंगा चटणी सामने संपल्यावर. आधी खाल्लीत तर तिसऱ्या क्वार्टरला घसा आठवण करून देतो.

आणि ड्राफ्टच्या आधी एकदा टेप घेऊन कोर्टावर जा. तीन गुणांची रेघ (जिच्या बाहेरून बास्केट झाली तर तीन गुण) २०१० मध्ये ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली, पण जुन्या रंगाच्या कोर्टावर ती अजून ६.२५ वरच असू शकते. रिंगच्या मध्याच्या बरोबर खालून रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. रिंगची उंचीही बघा, ३.०५ हवी. जमिनीवर नंतर सिमेंटचा थर चढला असेल तर ती कमी भरते आणि उंच माणसाचा भाव वाढतो. मोजून झालं की आकडा इथं टाका. रेघ ६.२५ निघाली तर एकविसाचा शूटर सोळाला ओढावा लागेल, आणि मग दुसरा गार्ड कुठून आणायचा ते परत मांडून बघू.