'टीकात्मक', 'चिकित्सक' की 'गंभीर'?

प्रश्न असा आहे: आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातल्या 'क्रिटिकल थिअरी'ला 'टीकात्मक सिद्धान्त' म्हणावं का? विचारणाऱ्यांना एका भाषांतरात 'गंभीर सिद्धान्त'ही सापडला.

'गंभीर' अतिदक्षता विभागातल्या पेशंटसाठी राहू द्या. 'टीकात्मक' चूक नाही, पण शब्दाचा अर्थ सरकलाय. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, म्हणजे उलगडून सांगणं. आज टीका म्हटली की झोडपणंच ऐकू येतं, आणि विद्यार्थ्याला वाटतं, ही अमेरिकेवर तोंडसुख घेणारी शाखा असावी.

जर्मन तत्त्वज्ञ माक्स होर्कहायमर यांनी १९३७ साली पारंपरिक आणि 'क्रिटिकल' सिद्धान्त यांत फरक केला. तो धागा आंतरराष्ट्रीय संबंधांत आणला तो मुख्यतः रॉबर्ट कॉक्स यांनी, १९८१च्या लेखात. हे कॅनडाचे गृहस्थ आधी बरीच वर्षं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरीला होते. सिद्धान्त नेहमी कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो, हे त्यांचं गाजलेलं म्हणणं.

ग्रीक आणि तुर्की वस्तीत दुभंगलेलं भूमध्य समुद्रातलं सायप्रस बेट घ्या. १९६४पासून तिथे संयुक्त राष्ट्रांचं शांतिसैन्य आहे, आणि राजधानी निकोसियाच्या मधोमध सैन्यमुक्त पट्टा. आहे ती चौकट धरून चालणारा अभ्यासक विचारेल, पट्ट्यात गोळी सुटू नये म्हणून काय करावं? कॉक्स याला 'समस्या सोडवणारा' सिद्धान्त म्हणतात, आणि त्याची गरज नाकारत नाहीत. दुसरा, म्हणजे 'क्रिटिकल' अभ्यासक, विचारेल, मुळात हा पट्टा पडला कसा, तो तसाच राहण्यात कुणाचं भलं, आणि बदल कुठून येऊ शकेल? यात झोडपणं कुठे आलं? ही चिकित्सा झाली.

म्हणून माझं मत 'चिकित्सक'ला. प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्याला आपण वैतागून 'फार चिकित्सक बाई' म्हणतो, आणि भांडारकर संस्थेच्या महाभारताला आदरानं 'चिकित्सक आवृत्ती'. हिंदीत चिकित्सक म्हणजे डॉक्टर, त्यामुळे तिथे 'आलोचनात्मक' चालतं. आपण ते उचलायचं कारण नाही.

मला खरं खुपतं ते 'सिद्धान्त'. सिद्ध झालेला, शेवटचा निष्कर्ष असा त्याचा वास येतो, आणि इथे तर सिद्धान्तालाच 'तू कुणाचा?' असं विचारायचंय. 'चिकित्सक उपपत्ती' जास्त नेमकं बसेल; उपपत्ती म्हणजे कारणं देऊन केलेली मांडणी. परीक्षेत मात्र 'सिद्धान्त'च लिहा; पेपर तपासणारे चिकित्सक असतीलच असं नाही.