खडीचा रस्ता, दोन नद्या आणि पलीकडची गावं
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कॅनडाच्या युकॉन प्रांतातून आर्क्टिक महासागराकडे जाणाऱ्या डेम्पस्टर हायवेबद्दल या महिन्यात बरेच प्रश्न आले. डॉसन सिटीपासून सुमारे ४० किलोमीटरवर एका फाट्यावर हा रस्ता सुरू होतो आणि ७३७ किलोमीटरवर शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज प्रांतातल्या इनुविकला पोचतो. तिथून पुढे १३८ किलोमीटरचा दुसरा रस्ता टुक्टोयाक्टुक या समुद्रकाठच्या गावी जातो. तो नोव्हेंबर २०१७मध्ये खुला झाला. दोन्ही रस्ते जवळजवळ पूर्ण खडीचे आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र दिली आहेत.

मनाली-लेह गाडीने केलं आहे. तेवढा अनुभव इथे पुरेल का? (नाशिक)

गाडी हाताळण्यापुरता पुरेल, नियोजनासाठी नाही. घाट आणि विरळ हवा या दोन्ही गोष्टींची इथे काळजी नको. या रस्त्यावरची सर्वांत उंच जागा म्हणजे नॉर्थ फोर्क खिंड. ती १,३०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे महाबळेश्वरहून थोडी खालीच. इथे जड जातं ते अंतर. फाट्यापासून ईगल प्लेन्सच्या हॉटेलापर्यंत ३६९ किलोमीटर पेट्रोल नाही आणि फोनला रेंज नाही. ७१व्या किलोमीटरला टूमस्टोन उद्यानाचं माहिती केंद्र आणि तळ आहे, पण तिथे इंधन मिळत नाही. ईगल प्लेन्सनंतर १८१ किलोमीटरवर फोर्ट मॅकफर्सन, तिथून १८७ किलोमीटरवर इनुविक. इनुविक ते टुक्टोयाक्टुक या टप्प्यात तर मध्ये काहीच नाही.

सामान भरलेली गाडी खडीवर नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल पिते. त्यामुळे टाकीवर ५०० किलोमीटर जाणारी गाडी असली तरी २० लिटरचा एक कॅन बरोबर ठेवा. तो गच्च भरू नका, वर फुगायला जागा ठेवा, आणि माणसं बसतात त्या भागात ठेवू नका. मोबाइलवर भिस्त ठेवू नका. सॅटेलाइट मेसेंजर भाड्यानेही मिळतो, तो घ्याच. रस्ता चालू आहे की बंद, हे युकॉनच्या ५११ सेवेवर आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या महामार्ग विभागाच्या पानावर निघण्याच्या दिवशी सकाळी बघा. आदल्या रात्रीची माहिती इथे जुनी ठरते.

आम्हाला मेमध्ये सुट्टी आहे. मेमध्ये गेलं तर चालेल का? वर्षातून दोनदा रस्ता बंद का असतो? (कॅल्गरी)

मेमध्ये इनुविकपर्यंत पोचाल अशी खात्री धरू नका. या रस्त्याचं पंचांग दोन नद्या ठरवतात: फोर्ट मॅकफर्सनच्या अलीकडची पील आणि त्सिगेचिक गावाजवळची मॅकेन्झी. दोन्हींवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट असते, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून वाट असते. मधल्या दोन काळांत यातलं काहीच चालत नाही. वसंतात बर्फ फुटून वाहू लागतो तेव्हा बोट उतरवता येत नाही. शरदात पाणी गोठू लागतं तेव्हा बोट काढून घ्यावी लागते, पण बर्फ अजून गाडी पेलण्याइतका जाड झालेला नसतो. हे दोन्ही बंद काळ काही आठवड्यांचे असतात. वसंतातला साधारण मे महिना आणि जूनची सुरुवात गिळतो, शरदातला ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन डिसेंबरमध्ये शिरतो. तारखा दरवर्षी हलतात.

बर्फावरची वाट नुसती नदी गोठली म्हणून तयार होत नाही. आधी बर्फावर पडलेलं हिम बाजूला करतात, कारण ते गोधडीसारखं काम करतं आणि खालच्या पाण्याला गोठू देत नाही. मग भोकं पाडून पंपाने नदीचंच पाणी वर घेतात आणि थरावर थर गोठवतात. जाडी ठिकठिकाणी मोजतात. वजनाचा प्राथमिक अंदाज सोपा आहे: सेंटिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करायचा आणि त्याला ४ ने गुणायचं, की किलोग्रॅममधलं वजन येतं. ३५ सेंटिमीटरवर सुमारे पाच टन, एक मीटरवर ४० टन. हा हिशेब निळसर, पारदर्शक बर्फाचा. हिम मिसळलेला पांढरा बर्फ निम्म्या जाडीचाच धरतात. म्हणून मोसमाच्या सुरुवातीला फक्त हलक्या गाड्या सोडतात आणि जाडी वाढेल तशी वजनमर्यादा पाटीवर वाढवत नेतात.

बर्फावरची वेगमर्यादा मनापासून पाळा. गाडीच्या वजनाने बर्फ किंचित वाकतो आणि त्याखाली पाण्याची एक लाट गाडीबरोबर पुढे सरकते. वेग वाढला की ती लाट मोठी होते, काठाला आपटून परत येते, आणि काठाजवळचा बर्फ तडकतो. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा आणि फोटोसाठी मध्येच थांबू नका.

सुट्टी पुढे ढकलता आली तर सर्वांत योग्य काळ म्हणजे जूनचा शेवट ते ऑगस्ट. ऑगस्टच्या अखेरीस टुंड्रा लाल-पिवळी होते आणि डासही कमी होतात. फेरीला आरक्षण नाही, पैसेही नाहीत. रांगेत थांबायचं, खलाशाने हात केला की सावकाश चढायचं. बोटीकडची उतरण सुट्या मातीची असते, बुटक्या गाड्यांचं पुढचं बंपर घासतं, त्यामुळे तिरकं आणि हळू. मॅकेन्झीवरची बोट त्सिगेचिकलाही जाते, तिथे उतरायचं असेल तर चढतानाच सांगा. आणि उन्हाळ्यात युकॉनमधून नॉर्थवेस्ट टेरिटरीजची सीमा ओलांडल्यावर घड्याळ एक तास पुढे करा, नाहीतर शेवटची बोट चुकेल.

टायर कोणते, स्टेपनी किती, आणि पंक्चर झालं तर काय करायचं? (पुणे, एडमंटनच्या भावाबरोबर जाणार आहोत)

या रस्त्यावर सर्वांत जास्त गाड्या अडतात त्या टायरमुळे. भर घातलेली खडी काही भागांत शेल दगडाची आहे. तो पातळ, धारदार कपच्यांमध्ये फुटतो. ग्रेडर म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र नुकतंच फिरलं असेल तर त्या कपच्या वर आलेल्या असतात. शहरातल्या साध्या टायरची भिंत त्या सहज कापतात. दहा प्लायचे लाइट-ट्रक टायर मिळाले तर तेच बसवा. स्टेपनी पूर्ण आकाराच्या, रिमसकट, शक्यतो दोन. कंपनीने दिलेली बारीक स्टेपनी इथे उपयोगाची नाही. जॅकखाली घालायला अंदाजे फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी घ्या, नाहीतर जॅक खडीत रुततो. निघण्याआधी घराच्या अंगणात एकदा चाक उतरवून बघा. गॅरेजात मशिनने आवळलेले नट हातातल्या पान्याने सुटत नाहीत, हे तिथे कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

हवा नेहमीपेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास कमी ठेवा म्हणजे टायर दगडावर थोडा बसतो. मात्र मग वेगही ताशी ६०-७० किलोमीटरच्या आत हवा. कमी हवेवर वेगाने गेलं तर टायरची भिंत तापून फाटते.

पंक्चर झालंच, तर क्रम असा ठेवा. साबणाचं पाणी फवारून बुडबुडे कुठे येतात ते शोधा. खिळा किंवा दगड लगेच उपटू नका, प्लग म्हणजे भोकात भरायची रबरी पट्टी तयार ठेवा आणि मगच काढा. रीमर म्हणजे खरखरीत सळई आत-बाहेर फिरवून भोक खरखरीत करा, प्लगला सिमेंट लावून दाबा, सुई झटक्यात मागे ओढा, बाहेर राहिलेलं टोक टायरच्या नक्षीच्या पातळीवर कापा. हवा भरा, पुन्हा साबण लावा. हे सगळं फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागासाठी. बाजूच्या भिंतीला काप गेला असेल तर प्लग टिकत नाही, स्टेपनीच लावायची. त्यासाठीच दोन सांगितल्या. ईगल प्लेन्सला टायरदुरुस्ती होते. टोइंगचं बिल मात्र सहज चार आकडी डॉलरमध्ये जातं.

समोरून ट्रक आला की वेग कमी करून उजवीकडे सरका, पण अगदी कडेला जाऊ नका. कडा भुसभुशीत असते आणि चाक ओढून घेते. काचेचा टवका उडाला तर त्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावा, धूळ आत गेली की नंतर दुरुस्तीची राळ धरत नाही. पाऊस पडला की धूळ बसवण्यासाठी टाकलेलं कॅल्शियम क्लोराइड आणि माती यांचा निसरडा चिखल होतो. तो रिमच्या आत थापून वाळला की स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि बिघाड झाल्यासारखं वाटतं. काठीने खरवडून काढा, फरक पडतो. रेडिएटरची जाळीही बघा. परतल्यावर गाडी खालून नीट धुवा, ते मीठच आहे, पत्रा खातं.

या रस्त्यावर डांबर का टाकत नाहीत? (कोल्हापूर, स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

खालची जमीन कायमची गोठलेली आहे आणि तिच्यात बर्फ आहे. ती वितळली की रस्ता खचतो. म्हणून रस्ता खोदून न करता जमिनीवर १.२ ते २.४ मीटर जाडीचा खडीचा बांध घालून केला. बांध जमिनीला उन्हाळ्याच्या उष्णतेपासून वाचवतो. टुक्टोयाक्टुकच्या रस्त्याला हिवाळ्यात गोठलेल्या टुंड्रावर आधी जिओटेक्स्टाइल हे जाड कृत्रिम कापड अंथरलं आणि त्यावर भर टाकली. झुडपं आणि शेवाळाचा थर काढला नाही, कारण तोच नैसर्गिक आच्छादन आहे. काळं डांबर ऊन शोषतं, आणि जमीन हलली की तडकतं. खडी पुन्हा ग्रेडरने सारखी करता येते. सर्वांत आधी खचतात त्या कडा. तिथे उन्हाळ्यात पाणी साचतं, हिवाळ्यात रस्त्यावरून लोटलेलं हिम साचतं. त्या हिमामुळे थंडी जमिनीत उतरत नाही. परिणामी बांधाला लांबीच्या दिशेने भेगा पडतात. तुमच्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर याच कडांचा निचरा घ्या.

भाड्याची गाडी नेता येते का? (टोरांटो)

बहुतेक करारांत खडीचा रस्ता किंवा नाव घेऊन डेम्पस्टर वगळलेला असतो. मग विमाही लागू होत नाही. व्हाइटहॉर्समध्ये काही ठिकाणी या रस्त्यासाठी वेगळ्या गाड्या देतात. परवानगी लेखी घ्या, काच आणि टायर विम्यात आहेत का ते वाचा.

लेक इनुविकच्या रुग्णालयात नर्स म्हणून रुजू होते आहे. हिवाळ्याची काय तयारी करून देऊ? (ठाणे)

काकू, घराची काळजी करू नका. घरं खांबांवर उभी असतात, म्हणजे घराची ऊब खालच्या गोठलेल्या जमिनीत जात नाही. पाणी आणि सांडपाण्याच्या नळ्या जमिनीवरून उबदार पेट्यांमधून नेलेल्या असतात. आत २०-२२ अंश असतं. हवा मात्र फार कोरडी, त्यामुळे खोबरेल तेल आणि जाड मलम जवळ असू द्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवत नाही, दुपारी काही तास संधिप्रकाश असतो. ड जीवनसत्त्वाचं तिने डॉक्टरांना विचारावं. एकटीने खोलीत बसणं टाळावं, हे औषधाइतकंच महत्त्वाचं. जानेवारीत सूर्य परतल्याचा उत्सव असतो. जुन्या आइस हॉकीच्या इमारतीत सामुदायिक हरितगृह आहे, तिथे उन्हाळ्यात वाफा मिळू शकतो. अशा ठिकाणीच गावाशी ओळख होते.

मिक्सर इथून देऊ नका, तिथे १२० व्होल्ट. कुकर द्या, सोबत दोन जादा गास्केट. तूरडाळ, गोडा मसाला, हिंग तिथे मिळेलच असं नाही. भाजीपाला महाग असतो, आणि नदी बंद असण्याच्या काळात ट्रक थांबतात, सगळं विमानाने येतं. ऑक्टोबरच्या आधी तांदूळ, पीठ, तेल भरून ठेवायची तिथली रीत तिनेही पाळावी.

गाडी घेणार असेल तर ब्लॉक हीटर म्हणजे इंजिन गरम करणारा विजेचा हीटर हवाच. निघण्याआधी तीन-चार तास लावला की पुरे, टायमर बसवावा. वायर थंडीत वापरायचीच घ्यावी, साधी वायर उणे ४०ला काडीसारखी मोडते. कूलंट ६० टक्के आणि पाणी ४० टक्के; निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७च्या आसपास गोठू लागतं. इंजिन ऑइल शून्य-डब्ल्यू श्रेणीतलं सिंथेटिक. सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर टायर धडधडतील, रात्रभर एकाच जागी दबल्याने ते खालून चपटे झालेले असतात. हळू चालवलं की गोल होतात. टाकी कधी निम्म्याखाली नको. गावाबाहेर जाताना उणे ४०ची स्लीपिंग बॅग, फावडं, खाणं बरोबर. वादळात अडकली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. इंजिन तासाला दहा मिनिटं चालवायचं, प्रत्येक वेळी आधी सायलेन्सरभोवतीचं हिम काढायचं आणि वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची. नाहीतर विषारी वायू आत साचतो.

वाटेतल्या गावांत कसं वागावं? तिथून काय आणता येईल? (सावंतवाडी)

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून बरं वाटलं. फोर्ट मॅकफर्सन आणि त्सिगेचिक ही ग्विचिन लोकांची गावं, टुक्टोयाक्टुक इनुव्हियालुइट लोकांचं. आजूबाजूची बरीच जमीन १९८४ आणि १९९२च्या करारांनुसार त्यांच्या मालकीची आहे. नदीकाठची रिकामी झोपडी, वाळत घातलेले मासे, उभी करून ठेवलेली बोट, यातलं काहीही बेवारस नसतं. हात लावू नका, ड्रोन उडवायचा तर आधी विचारा. कॅरिबू हरीण किंवा बेलुगा देवमासा कापणं चालू असेल तर ते त्यांचं वर्षाचं अन्न आहे. फोटो परवानगीशिवाय नको. कोणी मुक्तुक म्हणजे देवमाशाची कातडी-चरबी खायला दिली आणि तुम्ही शाकाहारी असाल, तर साधं 'नको, आभारी आहे' पुरतं, नाक मुरडू नका.

टुक्टोयाक्टुकमध्ये घरोघरी पाणी टँकरने येतं आणि सांडपाणीही टँकरनेच जातं. मुक्कामाला असाल तर अंघोळ आटोपशीर ठेवा. काही गावांत दारूवर बंदी किंवा मर्यादा आहे, पेटीत बाटली असेल तर गावात शिरण्याआधी चौकशी करा. समुद्रकाठ झपाट्याने ढासळतो आहे आणि काही घरं आत हलवावी लागली आहेत. त्यामुळे किनाऱ्याच्या कडेवर गाडी नेऊ नका. इब्युक पिंगो हा ४९ मीटर उंच, पोटात बर्फ असलेला डोंगर लांबून किंवा होडीतून बघा. उतारावर चढल्याने वरचा मातीचा थर सरकतो आणि आतला बर्फ उघडा पडतो.

वाटेची चौकशी स्थानिक माणसाकडे करा आणि तो 'आज नको' म्हणाला तर थांबा. डिसेंबर १९१०मध्ये फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघालेल्या चार पोलिसांनी ग्विचिन वाटाड्या शेवटपर्यंत बरोबर ठेवला नाही. ते वाट चुकले आणि चौघेही दगावले. त्यांना शोधून काढणाऱ्या डेम्पस्टर यांचंच नाव या रस्त्याला आहे. फोर्ट मॅकफर्सनला त्या चौघांच्या कबरी आहेत.

खरेदी थेट करणाऱ्याकडून करा: मूस या मोठ्या हरणाच्या कातड्याचे मणीकाम केलेले जोडे, हातमोजे. किंमत जास्त वाटली तरी घासाघीस नको, एका जोडीत कितीतरी दिवसांचं काम असतं. सील, देवमासा किंवा ध्रुवीय अस्वलाची वस्तू मात्र घेण्याआधी विचार करा. परतताना अलास्कातून जाणार असाल तर अमेरिका ती आत येऊ देत नाही, आणि ध्रुवीय अस्वलाची वस्तू भारतात आणायला वन्यजीव व्यापाराचा परवाना लागतो. अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा विमानात नेता येत नाही. तो व्हाइटहॉर्स किंवा डॉसनला घ्या आणि परत निघताना तिथल्याच एखाद्या प्रवाशाला देऊन या.