एक वर्ष आणि एक दिवस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हस्तलिखिताची पहिली चार प्रकरणे दोन बैठकींत वाचून काढली. सोबतचे पत्र मात्र तीनदा वाचले. मध्ययुगीन किल्ले, शापित राजकन्या आणि वचनात अडकलेले वीर यांच्या प्रेमकथा तुला लहानपणापासून आवडतात, तशीच एक मराठीत लिहावी म्हणून तू बसलीस, आणि मित्रमंडळींनी ‘या वयात परीकथा?’ असे विचारताच तुझा हात थबकला. या कथांची ओढ वाटणे हे कच्च्या रुचीचे लक्षण आहे काय, असा तुझा प्रश्न आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु ही ओढ नेमकी कशाची, याविषयी आपले एकमत नाही, आणि तुझे चौथे प्रकरण फसले आहे ते त्यामुळेच.

वाचक किल्ला पाहायला येतो, असे तू धरून चालली आहेस. दुसऱ्या प्रकरणात तू वेशीला अकरा ओळी दिल्या आहेस: साखळदंडांचा पूल, खंदकातले शेवाळ, मशालींचा धूर. वर्णन उत्तम आहे, त्याला माझी हरकत नाही. पण चौथ्या प्रकरणात तुझा नायक ‘पौर्णिमेच्या आत परत येईन’ असा शब्द देतो, आणि पौर्णिमा उलटून गेली तरी त्या राज्यात कोणाच्या कपाळावर आठी पडत नाही. आपल्या गोष्टींतल्या राक्षसाचा जीव जसा सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, तसा या कथांचा जीव अटीत असतो. तू पोपटाची मान मुरगळलीस, आणि राक्षस मात्र पुढच्या पानावरही हिंडतोच आहे.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात कोणा अनामिक कवीने रचलेले सर गवेन आणि हिरव्या सरदाराचे काव्य घे. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, आणि ती ज्या संग्रहात होती त्याला १७३१ साली आग लागली, तेव्हा तीही थोडक्यात बचावली. आर्थर राजाच्या दरबारात नववर्षाचा सण चालू असताना केसांपासून घोड्यापर्यंत हिरवागार असलेला एक धिप्पाड पुरुष कुऱ्हाड घेऊन येतो आणि सौदा मांडतो: आज कोणीही माझ्यावर एक घाव घालावा, आणि एक वर्ष व एक दिवसाने तसाच घाव माझ्या हातून सोसावा. आर्थरच्या दरबारातला वीर गवेन त्याचे मस्तक उडवतो. तो पुरुष घरंगळत गेलेले मस्तक केसांना धरून उचलतो, आणि ते मस्तक तोंड उघडून मुदतीची आठवण देते. पुढचे काव्य त्या मुदतीच्या धाकाने चालते. वाटेत गवेनला एका गढीत आसरा मिळतो, आणि तिथला यजमानही एक करार करतो: दिवसभराच्या शिकारीत मी मिळवीन ते तुझे, घरात बसून तू मिळवशील ते माझे. यजमान पहिल्या दिवशी हरणे आणतो, दुसऱ्या दिवशी रानडुक्कर, तिसऱ्या दिवशी कोल्हा. इकडे यजमानीण रोज सकाळी गवेनच्या शयनगृहात येऊन त्याचा कस पाहते, आणि तिच्याकडून मिळालेली चुंबने तो संध्याकाळी यजमानाला इमानाने परत करतो: एक, मग दोन, मग तीन. फक्त तिसऱ्या दिवशी तिने दिलेला हिरवा कमरपट्टा तो लपवतो, कारण तो बांधणाऱ्याला कोणी मारू शकत नाही असे तिने सांगितलेले असते. ठरल्या दिवशी कुऱ्हाड तीनदा उचलली जाते. दोनदा नुसती हूल, तिसऱ्यांदा मानेवर एक चीर. यजमान आणि हिरवा सरदार एकच असल्याचे तेव्हा कळते, आणि ती चीर लपवलेल्या पट्ट्यापोटी होती हेही कळते. पट्टा लोभाने नव्हे, जिवाच्या भीतीने लपवला, म्हणून केवळ चीर. इतका चोख हिशोब मला वास्तववादी म्हणवणाऱ्या कादंबऱ्यांतही क्वचितच आढळला आहे.

याच्याही आधीचे, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातले उदाहरण फ्रान्सचे आहे. क्रेतियाँ द त्र्वा याच्या काव्यात इव्हाँ नावाचा वीर एका जादूच्या झऱ्याच्या रखवालदाराला ठार करतो आणि त्याच्याच विधवेच्या, लोदीनच्या, प्रेमात पडतो. झऱ्याचे पाणी शिळेवर ओतले की वादळ उठते, हे अद्भुत झाले. पण लोदीन इतक्या लवकर पुन्हा लग्नाला तयार का होते, याचे कारण अगदी व्यवहारी आहे: झऱ्याला राखणदार नसेल तर मुलूख हातचा जाईल, हे तिची सखी तिला पटवून देते. लग्नानंतर इव्हाँ शर्यती-झुंजींसाठी बाहेर पडतो. लोदीन त्याला एक वर्षाची मुदत आणि एक अंगठी देते. तो मुदत विसरतो. मग एक दूती भर सभेत येऊन ती अंगठी परत घेते, आणि इव्हाँ वेडा होऊन रानात उघडानागडा भटकू लागतो. ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ हे शब्द श्रावणात ऐकत वाढलेल्या वाचकाला हा प्रसंग परका वाटण्याचे कारण नाही. वसा विसरलेल्या राणीचे पुढे काय होते, हे आपल्याला कहाणीने केव्हाच सांगून ठेवले आहे.

प्रेमाविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेव. आपल्याकडे १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत अद्भुताची रेलचेल आहे. रिसबुडांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मांडलेला आशय असा की, आपल्या लग्नाच्या चाली आणि एकंदर रीतीच अशा आहेत की रोजच्या आयुष्यात रंजक काही सापडत नाही, आणि म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळणे भाग पडते. याला पळवाट म्हणण्याची घाई करू नकोस. ज्या समाजात मुलीचे लग्न तिला कळू लागण्याआधीच ठरत होते, तेथे तिने होकार द्यावा, नकार द्यावा, वाट पाहायला लावावे, हे सारे घडायला वाड्यात जागाच नव्हती. ती जागा राजवाड्यात करावी लागली. फ्रान्समधल्या सरंजामी घराण्यांतही लग्न प्रथम जमिनीचे असे, माणसांचे नंतर. मला वाटते, या कथांतल्या अटींना जी गोडी आहे ती येथून येते: अट घालणारी बहुधा स्त्री असते, आणि कथेपुरती तरी तिची अट राजालाही मोडता येत नाही. तुझ्या नायिकेने पौर्णिमेची अट घातली आणि नंतर तीही ती विसरली, हे मला नायकाच्या विसराळूपणापेक्षा अधिक खटकले.

थट्टेचे फार मनावर घेऊ नकोस. सोळाव्या शतकातल्या स्पेनची संत तेरेसा हिने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की तिच्या आईला वीरांच्या कथा वाचण्याचा नाद होता, तो तिलाही लागला, आणि वडिलांना रुचत नसल्यामुळे त्यांच्या नजरेआड वाचावे लागे. या प्रकाराची सर्वांत निर्दय थट्टा करणाऱ्या सेर्व्हान्तेसनेही, १६०५ च्या आपल्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीत पाद्री आणि न्हावी मिळून असली पुस्तके जाळतात तेव्हा, त्यांतली ‘आमादिस’ ही वीरकथा त्यांच्याच हातून वाचवली आहे. थट्टा करण्यापूर्वी त्याने सगळी वाचलेली होती, हे उघड आहे.

आता कामाचे. वेशीच्या अकरा ओळींतल्या चार ठेव. ‘नाइट’ हा शब्द तू पानोपानी वापरला आहेस. ‘शिलेदार’ वापरून पाहा, कारण स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा, ही खूण दोघांनाही लागू पडते. ड्रॅगनला ‘अजगर’ करू नकोस, तो ड्रॅगनच राहू दे. आणि चौथे प्रकरण पुन्हा लिही: पौर्णिमा उलटली त्या रात्री नायिका काय करते, एवढ्यावरच. तिला रडवू नकोस. तिने दिलेली वस्तू तिने परत मागवलेली मला पाहायची आहे.

पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस की पाचवे प्रकरण भाऊबीजेपर्यंत नक्की देईन. भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या तारखेभोवती मी पेन्सिलीने गोल करून ठेवला आहे.

कळावे.