कॉलेज टेनिसचं प्रशिक्षकपद: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी अमेरिकेत एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) डिव्हिजन टूच्या, म्हणजे तीनपैकी मधल्या श्रेणीच्या, संघातून चार वर्षं खेळलो. मेमध्ये पदवी मिळेल. हेड कोचच्या जागांसाठी अर्ज करतोय, पण कुठूनच उत्तर येत नाही. काय चुकतंय?

उत्तर: तुम्ही पहिली पायरी गाळताय. हेड कोच नेमताना कॉलेजला तुमच्या फोरहँडशी फारसं देणंघेणं नसतं. खेळाडू कुठून आणणार, प्रवासाचं बजेट कसं बसवणार, नियमभंग कसा टाळणार, हे विचारतात. याची उत्तरं असिस्टंट म्हणून राबल्याशिवाय येत नाहीत. तेव्हा ग्रॅज्युएट असिस्टंटच्या, म्हणजे मास्टर्स करता करता संघाला मदत करण्याच्या, जागा शोधा. मास्टर्सची फी माफ किंवा कमी होते, वर थोडं मानधन मिळतं. मेमध्ये राष्ट्रीय स्पर्धा आटोपली की प्रशिक्षक जागा बदलतात आणि उन्हाळाभर जाहिराती येत राहतात. आपल्या कोचला आत्ताच सांगून ठेवा, कारण या क्षेत्रात एका फोनचं वजन बायोडेटापेक्षा जास्त असतं.

काम कसलं असेल? रॅकेटचं गटिंग (हात बसला तरी एकेकीला अर्धा तास धरा), व्हॅन, हॉटेलं, व्हिडिओ आणि खेळाडूंच्या सराव-सामन्यांच्या तासांची नोंद. ही नोंद नीट शिका. डिव्हिजन वनमध्ये हंगामात दिवसाला ४ आणि आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, शिवाय एक दिवस पूर्ण सुट्टी. सामना कितीही लांबला तरी ३ तासच धरतात. व्हिडिओ पाहण्याची बैठक मात्र मोजावी लागते. नवे असिस्टंट नेमकी तीच लिहायची विसरतात.

खरी पारख सामन्याच्या दिवशी होते. डिव्हिजन वनमध्ये दुहेरीचे तीन सामने एकेका सेटचे. त्यातले दोन जिंकणाऱ्याला एक गुण. मग एकेरीचे सहा, प्रत्येकी एक. ७ पैकी ४ गुण मिळाले की जिंकलात. सहा कोर्ट एकाच वेळी चालू असतात आणि दोन पॉइंटांच्या मधल्या वेळेत खेळाडूशी बोलता येतं. नवखा असिस्टंट रॅकेट आपटणाऱ्या खेळाडूकडे धावतो. तिथे १-५ असेल, तर पलीकडे चौथ्या कोर्टवर दुसऱ्या सेटमध्ये ४-४ झालेलं असतं. उभं राहायचं तिथे! ४०-४० नंतर एकच पॉइंट असतो आणि बाजू रिसीव्हर निवडतो, म्हणून त्या पॉइंटवर सर्व्हिस कुठे टाकायची हे सरावातच ठरलेलं हवं.

प्रश्न: पीटीआरसारखं (टेनिस प्रशिक्षकांची संघटना) प्रमाणपत्र आधी घ्यावं का?

उत्तर: जमलं तर घ्या, अर्जाला बळ येतं. पण पदवी आणि कॉलेज संघातला अनुभव यांची जागा ते घेत नाही.

प्रश्न: डिव्हिजन थ्रीमध्ये गेलं की माणूस तिथेच अडकतो, असं ऐकलंय.

उत्तर: आम्हाला हे पटत नाही. तिथे क्रीडा शिष्यवृत्ती देता येत नाही, म्हणून पैशाशिवाय खेळाडू कसा वळवायचा हे शिकावंच लागतं. यूटीआरचा (खेळाडूची पातळी दाखवणारं रेटिंग) आकडा सगळेच पाहतात. पहिला सेट हरल्यावर तो खेळाडू काय करतो ते तुम्ही पाहा, त्याच्या मार्कांची चौकशी करा. हेड कोचची जागाही तिथे लवकर मिळू शकते. मात्र पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ एकट्यावर येण्याची तयारी ठेवा. आणि छोट्या जागेवरून वर जाता येतं: टेनिस प्रशिक्षक डिक गूल्ड १९६६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आले ते फूटहिल या दोन वर्षांच्या कॉलेजातून. २००४ पर्यंत त्यांच्या संघांनी १७ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

प्रश्न: एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर हे सगळं जमेल का?

उत्तर: जमतं, पण तारखा सांभाळा. ओपीटीचा (शिक्षणानंतर काही काळ काम करण्याची परवानगी) अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि काम पदवीच्या विषयाशी निगडित असावं लागतं. क्रीडा व्यवस्थापन किंवा कायनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) असेल तर हे दाखवणं सोपं जातं, अकाउंटिंग असेल तर अवघड. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी विद्यापीठांना सोडतीची अट नाही, मात्र त्या जागेला विशिष्ट विषयाचीच पदवी लागते हे कॉलेजला सिद्ध करावं लागतं. अर्ज बऱ्याचदा इथेच अडतो, म्हणून मुलाखतीतच विचारून घ्या. आणि ग्रॅज्युएट असिस्टंट असताना सत्र चालू असेपर्यंत कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांवर जाऊ देऊ नका.