जास्वंदीची फांदी रोपासाठी कापून लावली की तिला पालवी फुटते, पण दोन-तीन आठवड्यांत ती वाळून जाते. काय चुकतं?

पालवी फुटली म्हणजे मुळं फुटली असं नसतं. फांदीत साठलेल्या अन्नपाण्यावरच डोळे (फांदीवरचे कोंब) फुटतात. खाली मुळं नसली की नवी पानं होतं नव्हतं ते पाणी संपवतात आणि फांदी वाळते. त्यामुळे मुळं येईपर्यंत फांदीतलं पाणी टिकवणं आणि बूड कुजू न देणं, छाटकलमात, म्हणजे फांदी कापून तिचं रोप करण्यात, एवढंच सांभाळायचं असतं.

शेंड्याची लुसलुशीत फांदी कुजते, बुंध्याजवळची जून फांदी मुळं धरायला फार वेळ लावते. मधली, पेन्सिलीएवढी जाड, हिरव्याची तपकिरी होऊ लागलेली घ्या. लांबी ६ ते ८ इंच, डोळे ३-४. स्वच्छ, धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) खालचा काप पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या सांध्याच्या, लगेच खाली तिरका द्या, कारण मुळं बहुधा पेराजवळूनच येतात. वरचा काप डोळ्याच्या १ सेंमी वर सरळ. त्यामुळे वर-खाली ओळखता येतं. उलटी खोचलेली फांदी सहसा जगत नाही. कळ्या आणि खालची पानं काढा. वरची दोनच पानं ठेवा, तीही अर्धी कापून.

खरी गफलत मातीत होते. शेणखत घातलेली कुंडीतली माती इथे नकोच. ती ओल धरून ठेवते, बुडाला हवा मिळत नाही आणि बुरशी लागते. जाडसर धुतलेली वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं घ्या. काडीने आधी भोक पाडा, मग दोन डोळे आत जातील इतकी फांदी खोचा, म्हणजे रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी) लावली असेल तर ती खरवडली जात नाही. पावडर बुडाला अर्धा इंच पुरे, जास्तीची झटकून टाका. जास्वंदीला तिच्याशिवायही मुळं येतात. काहीजण पावडरीऐवजी मध लावतात, पण त्याचा आग्रह मी धरणार नाही.

एकदा भरपूर पाणी द्या, नंतर वरचा थर सुकला तरच. वरून पारदर्शक पिशवी घाला आणि उजेडाच्या सावलीत ठेवा; उन्हात पिशवीच्या आत फांदी शिजते. दोन-तीन दिवसांनी पिशवी थोडा वेळ उघडायची.

जून ते ऑगस्ट हा आपल्याकडे यासाठी उत्तम काळ. मोगऱ्यालाही हीच रीत चालते. मुळांना साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. फांदी उपसून बघू नका, कोवळी मुळं लगेच तुटतात. तळाला भोकं पाडलेला पारदर्शक ग्लास वापरलात तर ती बाहेरूनच दिसतात. दिसली की आठवडाभरात पिशवी हळूहळू काढा आणि मगच शेणखताच्या मातीत हलवा.

तरीही फांदी गेली तर बूड बघा. काळं, मऊ असेल तर पाणी जास्त झालं. बूड घट्ट असून वरून साल सुरकुतली असेल तर हवा कोरडी होती, किंवा पानं जास्त ठेवली होती.