पायी यायची वेळ आलीच तर

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद,

लातुरात तुझी खोली लागली, क्लास सुरू झाला, मेसचंही जमलं. एक बोलायचं राहिलं. एसटी बंद, मोबाईलला रेंज नाही आणि गावाकडं यायचंच आहे, असं झालं तर?

३० सप्टेंबर १९९३ ला मी तुझ्यासारखाच लातुरात खोली करून होतो. गणपती बोळवून झोपलो, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. उजाडल्यावर किल्लारीचं नाव कानावर आलं आणि तसाच निघालो. किल्लारी तिथून चाळीसेक किलोमीटर, आपलं गाव त्याच्याही पुढं. औशाच्या अलीकडंच चपलेचा अंगठा तुटला. सुतळी बांधून लामजन्यापर्यंत रेटलं, तोवर टाचेचे फोड फुटले होते. रस्त्यावर गाड्यांची रीघ, त्यात बघेही कमी नव्हते. मी घरी पोचलो तर तुझे आजोबा मला शोधायला गाडीवाटेनं लातूरला गेलेले! आजी मला बघून रडली आणि मग त्यांच्यासाठी पुन्हा रडत बसली.

म्हणून आधी घरी ठरवून टाक, निघणार कोण आणि जागेवर थांबणार कोण. माझं मत विचारशील तर तू थांबायचं. घर पडलंय किंवा कुणी अडकलंय असा पक्का निरोप असेल तरच निघ, तेही उजेडात, आणि खोलीमालकाला वाट सांगून.

पावसाळ्यात किलोमीटर मोजू नको, ओढे मोज. शिवारातून वाट जवळची दिसते, पण काळं रान भिजलं की पावलागणिक चपलेला किलोभर चिखल. तासाला चार किलोमीटर चालणारा दोनवर येतो. डांबरी सोडू नको. तेरणेच्या पुलावरून पाणी जात असलं तर ते घोट्याएवढं का असेना, अलीकडंच बस. खालचा रस्ता वाहून गेलाय का, वरून कळत नाही. विजा कडाडत असल्या तर झाडाखाली नको. भूकंप असेल तर मुक्काम उघड्यावर, भिंतीपासून लांब.

पिशवीत बॅटरी, पाणी, शेंगदाणे-गूळ, सुती मोजे. नंबर कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये घाल. मोबाईल मेला की आपल्या आईचाही नंबर आठवत नाही. ११२ तेवढा पाठ असू दे.

दिवाळीला येताना औशापर्यंत चालत ये. वीसेक किलोमीटर आहे, पहाटे निघालास तर दुपारच्या जेवणाला पोचशील. कुठं हापसा आहे, कुठं शाळा, कुठं ओढा, ध्यानात ठेव. नवे बूट घालू नको, रोजचेच घाल. मी स्टँडसमोर मोटारसायकल घेऊन थांबतो.

तुझा मामा